झोळीपासून सायकलीपर्यंत

परोपकारासाठी याचना करणे महाराष्ट्राने कधीही हीनपणाचे मानले नाही. माधुकरी मागून विद्यार्जन करणारा विद्यार्थी आणि दुसऱ्यांच्या लेकरांसाठी झोळी पसरणारा कार्यकर्ता, या दोघांकडेही आपल्या समाजाने आदरानेच पाहिले. अलीकडे या झोळीने नवे रूप धारण केले आहे. काही सायकलस्वार पथक करून दूरचा पल्ला गाठतात आणि त्यांच्या श्रमांची कदर म्हणून आप्तेष्ट व परिचित गरजू बालकांसाठी द्रव्य देतात. कन्नड तालुक्यातील आपल्या पिशोरसारख्या गावी ही प्रथा परकी वाटण्याचा संभव आहे. म्हणून तिचा पूर्वेतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात ठेवण्याचे योजिले आहे.

प्रथम झोळीचा विचार करू. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढे आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला, तेव्हा महाविद्यालयातील अध्यापन आटोपून ते पायी तेथे जात असत. वर्गणी गोळा करण्याचे काम त्यांनी सत्तरी उलटल्यावरही सोडले नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले. खेडोपाडी घरोघरच्या माउल्यांनी दळणातील मूठमूठ धान्य वेगळे काढून संस्थेस दिले. वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने तर मोडलेच, परंतु अखेरीस मंगळसूत्रही दिले. या दोन्ही उदाहरणांचे सार एकच आहे. मागणारा स्वतः झिजत होता, म्हणून देणाऱ्याचा हात आखडला नाही.

आता सायकलीकडे वळू. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे 1928 साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. ते साहस होते. दानाचा हेतू त्यात नव्हता. पुढे 1985 च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना स्वतः सायकल चालविणे अशक्य होते, म्हणून ते वाहनात पडून त्यांच्यासमवेत गेले. याही यात्रेचा हेतू निधी नसून राष्ट्रीय ऐक्य हा होता. तथापि सायकलस्वारांचे पथक एखादा विचार गावोगावी नेऊ शकते, हे महाराष्ट्राने तेव्हा प्रत्यक्ष पाहिले.

सायकल व निधी यांची सांगड बालकांच्या निमित्ताने कशी पडली, हे पाहण्यासाठी अमेरिकेत जावे लागते. तेथे बॉस्टन नगरीत डॉ. सिडनी फार्बर हे कर्करोगाने पीडित बालकांवर उपचार शोधीत होते. त्यांच्या कार्यासाठी 1948 साली ‘जिमी फंड’ सुरू झाला. 1980 साली बिली स्टार नामक तरुणाने या निधीसाठी छत्तीस सायकलस्वारांची फेरी काढली व सुमारे दहा हजार डॉलर जमविले. ती फेरी पुढे वर्षानुवर्षे होत राहिली आणि आजवर तिने एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली आहे. प्रत्येक स्वार ठराविक रक्कम जमविण्याची हमी देतो. फेरीचा खर्च पुरस्कर्ते उचलतात आणि स्वारांनी मिळविलेला पैसा रुग्णालयाच्या कार्यास जातो. छत्तीसांचे हजारो झाले, याचे कारण या चोख व्यवहारातही शोधले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण घडले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटरांची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आदिवासींच्या नेत्रचिकित्सेस साहाय्य मिळावे, हा हेतू त्यांनी त्या श्रमांस जोडला होता. अशा शर्यतीत एक बंधू सायकल चालवितो, तेव्हा दुसरा विसावा घेतो. मागच्या वाहनांतील सहकारी अन्न, पाणी व दुरुस्ती सांभाळतात. एकाचा थकवा दुसऱ्याने उचलावा, हेच पथकाचे मर्म होय.

आता आपल्या दाराशी येऊ. सायकल हे केवळ निधी मिळविण्याचे साधन नव्हे, तर कित्येक बालकांची ती स्वतःच निकड आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास तालुक्यांत, शाळेपासून दूर राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना शासनाने आखली, ती हे ओळखूनच. वस्तीवरून गावच्या शाळेपर्यंतची वाट लांबली की घरचे लोक प्रथम मुलीचेच शिक्षण थांबवितात, हे आपण सारे जाणतो. मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगारांच्या मुलांची शाळा तर दिवाळीनंतर आईबापांच्या बिऱ्हाडाबरोबर सुटते. अशा मुलांसाठी पिशोर ते कन्नड अशी फेरी काढणे आपल्या तरुणांस मुळीच अवघड नाही.

मात्र तत्पूर्वी एका प्रश्नाचा निर्णय आपल्या मंडळाने करावयास हवा. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे निघाली आणि हजारो मुले शिकली. त्या मार्गाचे ऋण आपल्यासारख्या संस्थांवर आहे. पण भाऊरावांनी त्याच प्रेरणेचे पुढचे पाऊल टाकले आणि साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. आपली शिष्यवृत्ती ज्ञातीतील मुलांस मिळते, ती मिळत राहावी. परंतु भर रस्त्याने, साऱ्या गावाच्या साक्षीने फेरी काढून, वाटेवरल्या प्रत्येक घरापुढे हात पसरल्यावर मिळालेला पैसा आपल्याच मुलांपुरता राखणे न्यायाचे होईल काय? ज्याच्या दारातून मूठ घेतली, त्याच्या लेकराचाही त्या मुठीवर हक्क आहे.

यास्तव फेरी निघेल तेव्हा मदतीच्या अर्जात मुलाचे नाव, शाळा, घरापासूनचे अंतर व निकड एवढेच विचारावे; जातीचा रकाना ठेवू नये. आणि फेरी संपताच जमाखर्च चावडीवर वाचून दाखवावा.