दुसऱ्याच्या स्टुलावर

जॉन मेयरचं ‘ग्रॅव्हिटी’ मी कॉलेजात असताना शंभरदा तरी ऐकलं असेल, पण गिटारसाठी. ड्रम्स कोण वाजवतंय हे बघायचं कधी सुचलंच नाही. मग तबला शिकणाऱ्या एका मित्राने टेबलावर बोटं आपटत दाखवलं: सहा मात्रांचा झोका आहे, आपल्या दादऱ्यासारखा, आणि दादऱ्यात जिथे खाली येते त्या चौथ्या मात्रेवर हा माणूस स्नेअर मारतो. बस. बाकी जवळपास सगळी जागा मोकळी.

हा माणूस म्हणजे स्टीव्ह जॉर्डन. ते गाणं ज्या ‘कन्टिन्यूअम’ (२००६) अल्बममध्ये आहे, त्याचा मेयरसोबतचा निर्माताही तोच.

जन्म १९५७, न्यूयॉर्क. विशीतच ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’च्या बँडमध्ये, मग १९८२ पासून चार वर्षं डेव्हिड लेटरमनच्या शोमध्ये. आज सोल, उद्या ब्लूज, परवा रॉक. पाहुणा येईल तसा ठेका धरायचा आणि चमकू द्यायचं पाहुण्याला. सेशन ड्रमरची याहून चांगली तालीम मला तरी माहीत नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरमध्ये चक बेरीच्या साठीनिमित्त मैफल झाली. संगीताची सूत्रं रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सकडे होती, ड्रम्सवर जॉर्डन. तेव्हा कीथ आणि मिक जॅगरचं पार फाटलं होतं. कीथने पहिला एकट्याचा अल्बम काढायला घेतला, ‘टॉक इज चीप’ (१९८८), आणि ड्रमरला नुसतं वाजवायला न बोलावता गाणी लिहायला आणि निर्मितीलाही सोबत घेतलं. मला हे अगदी साहजिक वाटतं. गाण्यात काय नको, हे ठेका धरणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं. पुढे त्याने निर्मिती केलेल्या रॉबर्ट क्रेच्या ‘टेक युअर शूज ऑफ’ला ग्रॅमी मिळालं.

पण खरी परीक्षा चौसष्टाव्या वर्षी आली. ऑगस्ट २०२१ मध्ये स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स आजारी होता, म्हणून दौऱ्यापुरता जॉर्डन बसणार असं जाहीर झालं. कीथ सांगतो, की माझ्याशिवाय कुणासोबत वाजवायचं झालंच तर स्टीव्हला घे, असं चार्लीनेच त्याला कित्येक वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं. तात्पुरती बदली होती ती. २४ ऑगस्टला चार्ली गेला.

अशा जागेवर बसून वाजवायचं कसं? हुबेहूब चार्लीसारखं वाजवलं तर नक्कल, आपलं वाजवलं तर आगाऊपणा. चार्ली जवळजवळ साठ वर्षं त्या स्टुलावर होता, आणि समोरचं स्टेडियम त्याच्यासाठी हळहळत होतं.

२६ सप्टेंबरला दौरा सुरू झाला. गाव पुन्हा सेंट लुईसच. सुरुवातीला रंगमंच रिकामा होता. पडद्यावर चार्लीचे फोटो येत राहिले, सोबत फक्त ड्रम्सचा ठेका. मग बँड आला, जॉर्डन मागे जाऊन बसला आणि ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’ सुरू झालं.