साईडपट्टी

आमच्याकडे डांबराच्या कडेला जो मातीचा पट्टा असतो त्याला साईडपट्टी म्हणतात. डांबर गाड्यांचं आणि साईडपट्टी बाकीच्यांची. बाकीचे म्हणजे शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली, मेंढरं, आणि फाट्यावर एसटीतून उतरून वस्तीकडे चालत निघालेली माणसं. ही वाटणी कधी आणि कुणी केली, हा प्रश्न लहानपणी पडला नव्हता. पावसाळा उन्हाळ्यासारखाच तोही निसर्गाचा नियम वाटायचा.

बारामतीहून इंदापूरला जाताना काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे मागे टाकलं की अंथुर्णे लागतं. तुकोबांच्या पालखीचा हा रस्ता. वर्षानुसार पालखीचा गावात मुक्काम नाहीतर विसावा असतो. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला असं मानतात. म्हणजे या भागात नीरा डाव्या कालव्याचं पाणी यायच्या कितीतरी आधी, ऊस नव्हता, साखर कारखाना नव्हता, मोटार तर नव्हतीच, तेव्हापासून लोक देहूहून पंढरपूरला पायी जातायत. मोटार या वाटेवर फार उशिरा आलेली पाहुणी आहे. पण पाहुणी आली आणि घरच्यांना ओसरीवर बसवलं, असं काहीसं झालं.

ते कसं झालं याचं एक टोक, गंमत म्हणजे, एका मराठी माणसापाशी सापडतं. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते सुधारणेसाठी समिती नेमली गेली. (हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.) रस्त्यांचा भार प्रांतांना आणि लोकल बोर्डांना झेपत नाही, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांना द्यावा, असं समितीने सुचवलं. १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आणे कर बसला आणि त्यातून रस्ते निधी उभा राहिला. सूचना शहाणपणाचीच होती, तिच्यामुळे देशात रस्ते झाले. पण मला वाटतं, जो पेट्रोल जाळतो त्याचा रस्ता, हा हिशेब तेव्हापासून सरकारी डोक्यात पक्का बसला. चालणाऱ्याच्या नावावर काही जमाच नाही, मग खर्च कुठून टाकणार?

खरं तर हे जमा नसणंही पूर्ण खरं नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात पंचायतीने बसवायच्या करांच्या यादीत सायकली आणि जनावरांनी ओढायच्या गाड्या आहेत. म्हणजे सायकलवाल्याकडून कर घ्यायची सोय होती. रस्त्यात जागा द्यायची तेवढी राहून गेली.

१९४३ साली नागपूरला देशभरचे मुख्य अभियंते जमले आणि वीस वर्षांची रस्ते योजना झाली. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण ही रस्त्यांची उतरंड आपण आजही वापरतो ती तिथली. पिकाऊ भागातलं कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून लांब नसावं, असं त्या योजनेचं एक उद्दिष्ट होतं. चांगलंच होतं. पण पाच मैल! ते पाच मैल माणूस कसा येणार? चालत, नाहीतर सायकलवर. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी धावली, तेव्हाही प्रवासाची दोन्ही टोकं पायीच होती. योजना रस्त्याची झाली आणि त्यावरून चालणाऱ्याची व्हायची राहिली.

याचा अर्थ काय होतो ते मी सहावीत असताना पाहिलंय. दर थोड्या वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो, रस्ता वर चढतो आणि साईडपट्टी तिथेच राहते. कडेला वीतभर खाच तयार होते. उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला की सायकल खाली उतरवायची, गेला की परत वर घ्यायची. माझ्यापुढे सायकल चालवणारा वर्गातला मुलगा खाली उतरताना खाचेत घसरला, तो ट्रॉलीच्या बाजूला. जीव वाचला, डावा पाय गुडघ्याखाली गेला. गावात सगळे म्हणाले, पोराने जपून चालवायला हवी होती. मीही तेच म्हणालो.

असो. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांचा विचार करा असं सांगितलं. पुणे महापालिकेनेही २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं. ही सगळी शहरांची धोरणं. खेड्यातून जाणाऱ्या हमरस्त्यावर चालणारा माणूस त्यांत कुठेच बसत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवे घाटात दिंडीत जेसीबी शिरला आणि संत नामदेवांचे वंशज सोपान महाराज नामदास यांच्यासह दोघे गेले. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मेले, हा केंद्र सरकारचाच आकडा.

आणि मग ८ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी दोन्ही पालखी मार्गांची पायाभरणी केली. आमच्याकडचा पाटस ते तोंडले-बोंडले, सुमारे १३० किलोमीटर. चौपदरी रस्ता आणि दोन्ही कडांना पालखीसाठी खास चालण्याची वाट! राष्ट्रीय महामार्गाच्या आराखड्यात मैलोन्मैल चालणाऱ्यासाठी वेगळी जागा. ती वारकऱ्यांनी मिळवली, साडेतीनशे वर्षं न थांबता चालून. पण वारी वर्षातून एकदा येते. शाळा रोज भरते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पादचारी आणि बिनमोटारी वाहनांबाबत नियम करायचा अधिकार राज्यांना दिला. फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं. ही पट्टी वारीनंतरही चालणाऱ्यांची आणि सायकलींचीच राहील, तिच्यावर ट्रॉल्या उभ्या राहणार नाहीत, असा साधा नियम राज्य सरकारला करता येईल.

त्या मित्राचं आता रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान आहे. वारीत तो दिंड्यांच्या सायकली आणि हातगाड्यांची चाकं फुकट काढून देतो. त्याची मुलगी आठवीत आहे, सायकलवर जाते. गळीत हंगाम सुरू झाला की तो तिची सायकल दुकानात टांगून ठेवतो आणि पट्टा पडेपर्यंत स्वतः तिला शाळेत सोडून येतो.