कर्णराजाचा खटला

रोमचा बादशहा क्लॉडियस इ. स. ५४ मध्ये वारला. त्याचे चरित्र स्वेटोनियसने सुमारे दोन पिढ्यांनंतर लिहिले व त्यात तो दुबळा, हास्यास्पद, बायकांच्या मुठीत राहणारा ठरला. पुढे १९३४ साली रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज लेखकाने कादंबरीत त्याच बादशहाला आपली हकीकत स्वमुखाने सांगावयास लावले, आणि एकोणीस शतकांनी आरोपीची कैफियत वाचकांच्या दरबारी रुजू झाली.

आपल्याकडे असाच एक खटला सुरतेस चालला; मात्र तेथे निकाल आरोपीविरुद्ध गेला. सुरतेचे शाळामास्तर नंदशंकर तुळजाशंकर मेहता यांनी १८६६ साली ‘करण घेलो’ प्रसिद्ध केली. गुजरातीतील ही पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते. तिचा नायक गुजरातचा शेवटचा वाघेला राजा कर्णदेव. ‘घेलो’ म्हणजे वेडा. राजाने प्रधान माधवाच्या पत्नीचे हरण केले, सूडाने पेटलेल्या माधवाने अल्लाउद्दीन खिलजीचे सैन्य आणविले आणि राज्य बुडाले, असे ते कथानक.

आता पुरावा पाहू. १२९९ साली उलुघखान व नुसरतखान गुजरातेवर चालून आले, सोमनाथाचे देवालय भंगले, राणी शत्रूच्या हाती सापडली. याबद्दल वाद नाही. माधवाच्या चिथावणीने ही स्वारी झाली, असे समकालीन जैन आचार्य जिनप्रभसूरीही लिहितात. परंतु स्त्रीहरणाचे काय? ती कथा सविस्तर येते पद्मनाभाच्या ‘कान्हडदे प्रबंधा’त, आणि ते काव्य १४५५ सालचे, म्हणजे घटनेनंतर दीडशे वर्षांचे. तेथेही हरण होते ते माधवाचा भाऊ केशव याच्या स्त्रीचे. साक्ष ऐकीव, आणि तीही विसंगत! शिवाय ज्या अल्लाउद्दीनाने १२९६ साली, सुलतान होण्यापूर्वीच, देवगिरी लुटली, त्याला गुजरातची वाट दाखविण्यास कोणा माधवाची गरज होती काय? पुढे त्याच देवगिरीच्या रामदेवरावाच्या आधाराने कर्ण बागलाणात काही वर्षे तग धरून राहिला. हे वेड्याचे लक्षण नव्हे.

नंदशंकरांना दोष देण्याचा हेतू नाही. ‘घेलो’ हे विशेषण लोकांच्या तोंडी होतेच. त्यांनी त्याला ग्रंथाचे आयुष्य दिले. प्रश्न आपला, वाचकांचा आहे. एका राजाच्या पापाने देवालय पडले असे मानले की मनाला स्वस्थता लाभते, आणि शेजारची राज्ये एकमेकांच्या मदतीस का धावली नाहीत, हा अवघड प्रश्न टळतो. सोळाव्या शतकात गोव्यातील देवळे मोडली गेली व मंगेशाला कुशस्थळी सोडून प्रियोळास जावे लागले. त्या विपत्तीचे खापर आपण कोणा एका पूर्वजाच्या चारित्र्यावर फोडीत नाही. मग तोच न्याय कर्णाला का नाही?

कादंबरी आवडीने वाचावी. पण ती मिटताना, पुरावा अपुरा असल्यामुळे, संशयाचा फायदा आरोपीला द्यावा.