तालमीची शिस्त आणि खेळाडूचे अभय

वऱ्हाडात तालमीची आवड जुनी; तिला सुसंघटित शिक्षणाचे रूप येऊ लागले ते 1914 साली, अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा स्थापिला तेव्हापासून. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, आणि 1936 साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. शेजारचा यवतमाळ जिल्हाही याच वऱ्हाडाचा भाग होय.

खेळाडूच्या देहाची काळजी हा विषय आपल्याकडे नवा नव्हे. व्यायाम अर्ध्या शक्तीइतकाच करावा, अतिरेक केल्यास ज्वर, तृष्णा, क्षय असे विकार जडतात, असे सुश्रुतसंहिता बजावते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांचे वय, देह व बल पाहून वर्ग पाडले, आणि त्यांच्या आहाराचा भार राजावर टाकला.

तथापि देहाची एवढी चिंता वाहणाऱ्या या परंपरेत एक उणीव राहून गेली. तालमीत वस्तादाचा शब्द अखेरचा. वस्ताद सज्जन असला म्हणजे तो शिष्याला पित्यासमान होई. परंतु तो तसा नसला, तर शिष्याने दाद कोणाकडे मागावी?

मुली मैदानावर उतरल्या व घरापासून दूर वसतिगृहात राहू लागल्या, तेव्हा हा प्रश्न अधिकच गंभीर झाला. अमेरिकेतील जिम्नॅस्टिक्सचा डॉक्टर लॅरी नासर याला जानेवारी 2018 मध्ये 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली, त्या वेळी दीडशेहून अधिक स्त्रिया व मुलींची निवेदने न्यायालयापुढे आली. तक्रारी वर्षानुवर्षे होत होत्या; उणीव होती ती ऐकणाऱ्यांची. असे घाव देहावरच राहत नाहीत. मनाचे आरोग्य शरीराच्या आरोग्यापासून निराळे काढता येत नाही, असे ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2019 साली स्पष्टपणे नमूद केले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निर्णयातून 2013 चा कायदा उभा राहिला. त्याने क्रीडासंस्था, मैदाने व प्रशिक्षणस्थळे यांचाही ‘कामाच्या ठिकाणां’त समावेश केला, आणि प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती आवश्यक ठरविली. त्याआधी 2012 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्यावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले होते. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानेही खेळाडूंच्या सुरक्षिततेच्या धोरणाला स्थान दिले.

परंतु कायदा गावापर्यंत पोहोचतो तो माणसांच्या द्वारेच. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या तालुक्यांत कोलाम व गोंड समाजाची वस्ती आहे. तेथील एखाद्या आश्रमशाळेतील मुलगी धावण्यात निपुण निघाली, तर तिची निवड, प्रवास आणि स्पर्धेतील प्रवेश हे सारे बहुधा एकाच हाती असते. तक्रार ऐकणारा हात तोच असता कामा नये. समितीचे नाव व ठिकाण तिला समजेल अशा भाषेत वसतिगृहाच्या भिंतीवर लिहिलेले असणे, आणि तिची हकीकत शांतपणे ऐकून घेणारी एक वडीलधारी स्त्री तेथे असणे, एवढे झाले तरी जुन्या तालमीत जे राहून गेले, ते भरून निघण्यास आरंभ होईल.