कुर्डूवाडीचा मालधक्का

आमच्या वेळापूरला रेल्वे नाही. अर्धनारी नटेश्वराचं देऊळ आहे, आषाढवारीत ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम आहे, ऊस आहे, आणि मी जिथं नोकरी करतो त्या बँकेची शाखाही आहे. पण रेल्वे नाही. तेव्हा आमच्या शाखेतल्या व्हिडिओ कॉन्फरन्सच्या यंत्राचा आणि रेल्वेचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी त्याला दोष देणार नाही. आमच्या सौभाग्यवतींनीही विचारलं. "अहो, मीटिंगचं सांगत होतात ना? मध्येच कुर्डूवाडी कुठून आली?"

मी म्हटलं, "कुर्डूवाडी मध्येच येते. तेच तिचं काम."

माझे आजोबा कुर्डूवाडीच्या मालधक्क्यावर कारकून होते. कारकुनी आमच्या घराण्यात जहागिरीसारखी चालत आलेली आहे, मी बी.कॉम. झालो एवढीच तिच्यात माझी भर. कुर्डूवाडीवरून मुंबई-मद्रासची मोठी लाइन जाते. तिच्या दोन रुळांत पाच फूट सहा इंचांचं अंतर. बार्शीची पेठ मात्र या लाइनपासून वीसेक मैल बाजूला राहिली. धान्य आहे, कापूस आहे, व्यापारी आहेत, पण गाडी नाही. तेव्हा एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या एका इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली कुर्डूवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. तीच बार्शी लाइट. रूळ अरुंद म्हणजे भराव कमी, पूल लहान, वळणं आखूड आणि खर्चही बेताचा. साहेब हुशार होता. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही असं त्यानं ठरवलं आणि इंजिनांपासून वाघिणींपर्यंत सगळं त्या मापात बसवलं. (मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. हे नाव ज्यानं दिलं त्यानं एकतर वाघीण पाहिलेली नसावी किंवा मालगाडी.) पुढं ही लाइन १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. याच कॅलथ्रॉपनं उतारवयात पॅराशूट तयार केलं. बार्शी लाइटनं प्रवास केलेल्या माणसांना यात काहीच नवल वाटत नाही.

आता गंमत बघा. बार्शीचं पोतं मुंबईला जायचं तर कुर्डूवाडीला येऊन अडायचं. छोटी वाघीण मोठ्या रुळावर चढत नाही, मोठी छोट्यावर उतरत नाही. दोघी शेजारी शेजारी उभ्या, मध्ये पाच-सात पावलांचं अंतर, आणि त्या अंतरात हमाल. एकेक पोतं इकडून उचलायचं नि तिकडं टाकायचं. आजोबा वही घेऊन मोजणी करत उभे. ते सांगायचे, "पोतं इकडचं तिकडं झालं की मूठभर सांडतंच. त्याला इलाज नाही. त्याचा रकाना वेगळा ठेवायचा."

हे दुखणं काही कुर्डूवाडीचंच नव्हे. खुद्द इंग्लंडात सात फुटी आणि चार फूट साडेआठ इंची अशा दोन लाइनी ग्लॉस्टर स्टेशनात एकमेकींसमोर येऊन थांबायच्या, आणि मधल्या फलाटावर नुसता गोंधळ. त्याची चौकशी करायला सरकारी कमिशन आलं. ते येणार म्हटल्यावर गोंधळ पुरेसा दिसावा म्हणून तिथल्या एका माल-अधिकाऱ्यानं आधीच भरून झालेल्या गाड्या पुन्हा उतरवायला लावल्या, असं सांगतात. बँकेत इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी आम्ही याच्या नेमकं उलट करतो, पण मेहनत तेवढीच पडते. अखेर १८४६ साली पार्लमेंटनं कायदा करून नव्या लाइनींना चार फूट साडेआठ इंचांचं माप ठरवून दिलं, आणि १८९२ साली शेवटची सात फुटी लाइनही गेली.

तर व्हिडिओ कॉन्फरन्स. माणसाला लांबच्या माणसाचं तोंड बघण्याची हौस जुनीच. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकन टेलिफोन कंपनीनं 'पिक्चरफोन' मांडला, १९७० साली पिट्सबर्गमध्ये त्याची सेवा सुरू केली, आणि लोकांनी तिच्याकडं पाठ फिरवली. एकतर ती महाग होती, आणि दुसरं म्हणजे फोन घेण्यापूर्वी भांग पाडावा लागणार हे लोकांच्या लक्षात आलं असावं. पुढं बड्या कचेऱ्यांत मीटिंगच्या खोलीत ठेवायची यंत्रं आली. ती वेगवेगळ्या कंपन्यांची. तेव्हा त्यांनी एकमेकांशी बोलावं कसं, याचे नियम जागतिक दूरसंचार संघटनेनं बसवले. टेलिफोनच्या तारांसाठी १९९० साली, कॉम्प्युटरच्या जाळ्यासाठी १९९६ साली. हाक कशी मारायची, आवाज नि चित्र कसं दाबून बारीक करायचं आणि पलीकडं कसं उलगडायचं, सगळं ठरलेलं. म्हणजे रुळाचं माप एक झालं होतं!

मग ते पुन्हा बिघडलं कसं? तर मीटिंग खोलीतल्या यंत्रातून उठून कंपनीच्या इंटरनेटवरच्या घरी राहायला गेली. झूम काय, टीम्स काय, वेबेक्स काय, गूगल मीट काय, प्रत्येकाचं घर वेगळं, कुलूप वेगळं, हाक मारायची रीत वेगळी. २०२० साली टाळेबंदी आली आणि जो तो दिसेल त्या घरात शिरला. आपला फोन कसाही चालतो. एक दुकान बंद करून दुसरं उघडायचं. पण कचेरीच्या मीटिंगच्या खोलीत भिंतीवर जे यंत्र ठोकलेलं असतं ते बहुधा एकाच कंपनीशी लग्न लागलेलं असतं.

यावर इलाज निघाले, नाही असं नाही. एक म्हणजे मध्ये दुभाष्या बसवायचा. त्यानं इकडचं चित्र उलगडायचं, पुन्हा तिकडच्या पद्धतीनं घडी घालायची नि पलीकडं टाकायचं. हा सरळसरळ कुर्डूवाडीचा हमाल. मजुरी दर महिन्याला, आणि पोतं थोडं उशिरा पोचतं. दुसरा इलाज कॅलथ्रॉपसाहेबाचा. त्यानं १९०४ साली इंग्लंडात लीक-मॅनिफोल्ड नावाच्या अडीच फुटी लाइनवर मोठ्या लाइनची अख्खी वाघीणच छोट्या लाइनच्या बुटक्या गाड्यावर चढवून नेली. पोत्याला हात नाही, सांडणं नाही. २०१९ साली मायक्रोसॉफ्टनं सिस्को आणि झूमशी जो समझोता जाहीर केला तो मला याच जातीचा वाटतो. एका कंपनीचं यंत्र आपल्या पोटात ब्राउझर उघडून दुसरीच्या मीटिंगला पाहुणा म्हणून जातं. पाहुण्याला बसायला खुर्ची मिळते, बोलता येतं, चहाही मिळतो म्हणा. पण यजमानाचं कपाट उघडता येत नाही. तिसरा इलाज रूळच बदलायचे. बार्शी लाइनचे ते बदलले. २००८ साली लातूरपर्यंत मोठी लाइन झाली.

आमच्या बँकेत यांतलं काहीच झालेलं नाही. आमच्याकडं टेंडर निघतं. विभागीय कार्यालयानं एका वर्षी सर्वात स्वस्त यंत्र घेतलं, मुख्य कार्यालयानं दुसऱ्या वर्षी सर्वात स्वस्त घेतलं. ही दोन यंत्रं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. व्हिडिओचं यंत्र असून तोंड बघत नाही, याला काय म्हणावं!

मागल्या साली कर्जसमितीची बैठक होती. आमच्याकडच्या एका बचत गटातल्या बायकांनी गायींसाठी तीन लाख काढलेले. लम्पीच्या साथीत पाच गायी गेल्या. हप्ते थकले, मुदतवाढीचा अर्ज वर गेला. गटाच्या अध्यक्ष मावशींना दोन शब्द बोलायला म्हणून शाखेत बोलावलं. इस्त्रीचं लुगडं नेसून, हातात गटाची वही घेऊन त्या अकराला हजर. बैठक साडेबाराला लागली. भिंतीवरच्या पडद्यावर विभागीय कार्यालय. मुख्य कार्यालय दुसऱ्या दुकानात, ते माझ्या फोनवर. साहेब म्हणाले, "तुम्ही मध्ये उभे राहा. इकडचं तिकडं सांगा." बावीस वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदाच आजोबांच्या जागेवर बढती मिळाली.

फोन पडद्याजवळ नेला तर असा घुमायला लागला की शिपाईमामांनी कानात बोटं घातली. शेवटी एकाचा आवाज बंद, मग दुसऱ्याचा बंद, असं करत मी पोती उचलू लागलो.

मावशी म्हणाल्या, "आम्ही बुडवणाऱ्या बाया न्हाई. पन आत्ता कुठनं आणू? पाची गाया डोळ्यादेखत गेल्या. धाकटीला तर मी मांडीवर डोकं घिऊन बसले हुते रातभर." आणि पदर तोंडाला लावला.

मी फोनमध्ये म्हणालो, "सर, पशुधनाची हानी झाली आहे. गट परतफेडीस बांधील असून मुदतवाढीची विनंती करीत आहे."

फोनमधून विचारणा झाली, विम्याचं काय? मी मावशींना विचारलं. दोन गायींचा उतरवला होता, तीन राहिल्या होत्या. ते मी पोचवलं. पडद्यावरच्यांनी सहा महिने म्हटलं, फोनवरच्यांनी आधी तीन म्हटलं, आणि दोघांचं एकमेकांना काही ऐकू येत नसल्यामुळे थोडा वेळ सगळा व्यवहार माझ्या हाती आला. खोटं सांगत नाही, मी फोनमध्ये "विभागीय कार्यालय सहा महिन्यांबद्दल फार आग्रही आहे" असं म्हणालो. त्यांनी नुसतं म्हटलं होतं. 'फार' आणि 'आग्रही' हे दोन्ही शब्द माझे. सहा महिने मंजूर झाले.

मी मावशींना निकाल सांगितला. त्यांनी वही पिशवीत घातली, उठल्या, दारापाशी थांबल्या.

"दादा, ते मांडीवर डोकं घेतलेलं सांगितलंत का तुमी त्यास्नी?"

मी टेबलावरच्या वायरी गुंडाळायला लागलो.

पुढल्या महिन्यात, शाखांची अशी अडचण होऊ नये म्हणून मुख्य कार्यालयानं आमच्यासाठी नवं यंत्र धाडलं. शिपाईमामांनी मोठ्या उत्साहानं खोकं फोडलं. ते तिसऱ्याच कंपनीचं निघालं.