पुलांची भारक्षमता आणि जड मालवाहतूक : हिंगोली परिसराच्या संदर्भात

पुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न सामान्यतः स्थापत्यशास्त्राचा मानला जातो. वस्तुतः त्याचा निम्मा भाग इतिहासाचा आहे. पूल ज्या काळी बांधला जातो, त्या काळच्या वाहनांचा भार गृहीत धरूनच त्याची रचना होते. पुढे वाहने बदलतात. पूल मात्र तोच राहतो.

हिंगोली परिसरात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर पैनगंगा ही दोन राजवटींमधील सीमा झाली. उत्तरेकडील वाशीम वऱ्हाडात, तर दक्षिणेकडील हिंगोली निजामाच्या राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे दोन्ही मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले. साहजिकच येथील जुन्या पुलाचा मूळ आराखडा शोधणाऱ्यास प्रथम तो पूल कोणत्या राजवटीत बांधला गेला, हे ठरवावे लागते.

देशभर पुलांच्या भाराचे एकच प्रमाण असावे, या विचारास संस्थात्मक रूप मिळाले ते बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्ते समितीनंतर. त्यातूनच पुढे १९३४ साली भारतीय रस्ते परिषद स्थापन झाली. परिषदेच्या संहितेतील ‘अ’ वर्गाच्या भारात सर्वांत जड असे दोन लगतचे आस धरलेले आहेत. प्रत्येकी ११.४ टन, म्हणजे मिळून २२.८ टन.

या आकड्याशी कायद्याची तुलना करून पाहावी. मालमोटारीच्या जोडआसावर पूर्वी १९ टन भाराची मुभा होती. जुलै २०१८ च्या अधिसूचनेने ती २१ टन झाली. ‘अ’ वर्गाच्या मानाने पूर्वी ३.८ टनांचे अंतर होते. आता ते १.८ टन उरले आहे. त्यावर एकदशांश जादा माल लादला की जोडआसाचा भार २३.१ टन होतो, म्हणजे प्रमाणाच्या पलीकडे जातो.

एवढ्याने पूल लागलीच कोसळत नाही, हे खरे. रचनेत सुरक्षिततेसाठी जादा बळ राखलेले असते. परंतु ते राखीव बळ साहित्यातील दोष, बांधकामातील उणिवा व हिशेबातील अनिश्चितता यांसाठी असते. वाहतूकदाराच्या नफ्यासाठी नव्हे. शिवाय कमी वर्गाच्या भारासाठी बांधलेल्या पुलांस एवढेही अंतर लाभत नाही. ‘ब’ वर्गात जड आस अवघा ६.८ टनांचा धरलेला आहे.

म्हणून परीक्षणाचा क्रम असा असावा : प्रथम मूळ आराखडा व गृहीत भार यांचा शोध, नंतर पायाजवळील धूप, तडे व बेअरिंगे यांची पाहणी, त्यानंतर प्रत्यक्ष वाहनांच्या वजनावरून गणित, आणि आराखडा न मिळाल्यास किंवा शंका राहिल्यास प्रत्यक्ष भारचाचणी. जादा माल उतरविण्यास भाग पाडण्याचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने दिलेलाच आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही जादा भाराच्या वाहतुकीस मुभा देता येणार नाही असे स्पष्ट केले.

तात्पर्य, जुन्या पुलांचे दप्तर जपणे हे केवळ पुराभिलेखाचे काम नव्हे. पुलावरून जाणाऱ्या माणसांच्या जीविताशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे.