न लिहिलेल्या नियमाची भिंत

लिहिलेला कायदा अन्यायाचा असला तरी त्याच्याशी झगडता येते. तो कोणी केला हे माहीत असते, त्याविरुद्ध न्यायालयात जाता येते आणि एके दिवशी तो रद्दही करून घेता येतो. न लिहिलेल्या नियमाला मात्र कर्ताही नसतो आणि कागदही नसतो. ज्याला विचारावे तो म्हणतो, 'असा काही नियम आमच्याकडे नाही.' आणि तरीही तो नियम पिढ्यान् पिढ्या अचूक पाळला जातो. अमेरिकेच्या बेसबॉल या राष्ट्रीय खेळात असाच एक नियम साठ वर्षे नांदत होता. कृष्णवर्णीय माणसाने मोठ्या लीगमध्ये खेळू नये, असे खेळाच्या नियमपुस्तकात कोठेही लिहिलेले नव्हते. पण १८८४ नंतर १९४७ पर्यंत असा एकही खेळाडू मोठ्या लीगच्या मैदानावर उघडपणे उतरू शकला नाही.

हा नियम कसा जन्मला हे पाहण्याजोगे आहे. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत काही कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्यांच्या संघांतून खेळतही होते. मोझेस फ्लीटवुड वॉकर हे १८८४ मध्ये टोलेडोच्या संघातून मोठ्या लीगमध्ये खेळले. परंतु कॅप अँन्सन यांच्यासारखे नामवंत गोरे खेळाडू अशांबरोबर मैदानात उतरावयास नकार देऊ लागले. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगच्या चालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचे ठरविले. मोठ्या लीगांनी असा ठराव करण्याचीही तसदी घेतली नाही. सद्गृहस्थांमधील आपसांतली समजूत तेवढी पुरेशी ठरली. पुढे १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले आणि आगगाडीच्या डब्यापासून शाळेपर्यंत सर्वत्र रंगाची रेघ ओढली गेली. खेळाच्या मैदानावर ती अगोदरच ओढलेली होती.

बंद दारापुढे कृष्णवर्णीय समाज हात जोडून बसला नाही. रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये कॅन्सस सिटी येथे निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी, शिकागो, न्यूअर्क अशा शहरांत संघ उभे राहिले. त्यांचे मालक, पंच, वार्ताहर आणि प्रेक्षक बहुतांशी त्याच समाजातील होते. सॅचेल पेज यांच्यासारखा चेंडूफेक करणारा आणि जॉश गिब्सन यांच्यासारखा फटकेबाज त्या काळी देशात विरळाच. पण त्यांचे पराक्रम गोऱ्या वृत्तपत्रांच्या रकान्यांत क्वचितच छापले जात. गिब्सन यांचे निधन जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी झाले. दार उघडायला त्या वेळी तीन महिने उरले होते.

हे दार उघडले ब्रुकलिनने. आज न्यूयॉर्कचा एक भाग असलेले ब्रुकलिन १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते. पूर्व नदीवरचा त्याचा प्रसिद्ध पूल १८८३ मध्ये बांधून पुरा झाला आणि पंधरा वर्षांनी शहरच महानगरात विलीन झाले. पण आपण मॅनहटनचे कोणी नव्हे हा अभिमान तेथील लोकांच्या मनातून गेला नाही. इटालियन, ज्यू, आयरिश, पोलिश आणि दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय अशी ही पंचवीस लाखांहून अधिक लोकांची मिश्र वस्ती होती. या सर्वांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे त्यांचा 'डॉजर्स' संघ. रस्त्यावरच्या ट्रॅमगाड्या चुकवीत चालणारे लोक म्हणून ब्रुकलिनकरांना 'ट्रॉली डॉजर्स' म्हणत. तेच नाव संघाला चिकटले. एबेट्स फील्ड हे त्यांचे १९१३ चे मैदान इतके आटोपशीर होते की प्रेक्षकाचा शब्द खेळाडूला ऐकू जाई.

डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी हे धर्मनिष्ठ मेथॉडिस्ट, वकिलीचे शिक्षण घेतलेले आणि व्यवहारात अत्यंत चतुर गृहस्थ होते. तरुणपणी ते एका महाविद्यालयीन संघाचे मार्गदर्शक असताना त्यांच्या चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय खेळाडूला एका हॉटेलाने खोली नाकारली. त्या रात्री आपल्या हातांचा रंग घासून काढता आला तर, असे म्हणत तो मुलगा रडला, ही आठवण रिकी वारंवार सांगत. तथापि केवळ करुणा हेच त्यांच्या कृतीचे कारण मानणे भाबडेपणाचे होईल. त्यांना सामने जिंकावयाचे होते आणि मैदान भरावयाचे होते. शिवाय काळही बदलत होता. महायुद्धात लाखो कृष्णवर्णीय सैनिक देशासाठी लढले होते. 'पिट्सबर्ग कुरियर'चे वेंडेल स्मिथ यांच्यासारखे पत्रकार वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरीत होते. न्यूयॉर्क राज्याने १९४५ मध्ये नोकरीतील वर्णभेदाला बंदी करणारा कायदाही केला होता.

रिकी यांनी निवडलेला माणूस जॅक रूझवेल्ट रॉबिन्सन. जॉर्जिया राज्यातील केरो या गावी ३१ जानेवारी १९१९ रोजी एका बटाईदार शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बाप घर सोडून गेला, तेव्हा आई मॅली ही पाच मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे गेली आणि गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून तिने मुले वाढविली. थोरला भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्स यांच्या मागोमाग दुसरे स्थान मिळविले. मायदेशी परतल्यावर या रौप्यपदकाच्या मानकऱ्याला पॅसाडेनाचे रस्ते झाडण्याचे काम मिळाले. धाकट्या जॅकीने हे जवळून पाहिले होते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्याने चार खेळांत प्रावीण्य मिळविले. पुढे सैन्यात लेफ्टनंट असताना, १९४४ मध्ये टेक्सासमधील छावणीत बसच्या मागच्या भागात जाऊन बसण्यास रॉबिन्सन यांनी नकार दिला. त्यासाठी त्यांच्यावर लष्करी खटला चालला आणि ते निर्दोष सुटले.

अशा मानी माणसाला रिकी यांनी २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिनमधील कचेरीत बोलाविले. सुमारे तीन तास ती भेट चालली. रिकी कधी उर्मट हॉटेलवाला झाले, कधी शिवीगाळ करणारा खेळाडू झाले आणि रॉबिन्सन यांच्या तोंडावर त्यांनी घाणेरडे शब्द फेकले. प्रतिकार न करण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे असा खेळाडू आपणास हवा आहे, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. एका गालावर मारले असता दुसरा पुढे करण्याची ख्रिस्ताची शिकवण त्यांनी पुढे ठेवली. रॉबिन्सन यांचा स्वभाव तसा नव्हता. तरीही त्यांनी मान्यता दिली. आपण चिडलो तर माणूस चिडला असे कोणी म्हणणार नाही, सारा समाज अपात्र ठरविला जाईल, हे त्यांना कळत होते.

प्रथम १९४६ चा मोसम ते कॅनडातील मॉन्ट्रियल संघातून, डॉजर्सच्या दुय्यम संघातून, खेळले. फ्लोरिडातील सरावाच्या काळात सॅनफर्ड गाव त्यांना सोडावे लागले आणि जॅक्सनव्हिलमध्ये मैदानालाच कुलूप घातले गेले. मॉन्ट्रियलच्या लोकांनी मात्र त्यांना डोक्यावर घेतले. मोसमाच्या शेवटी संघ अजिंक्य ठरला.

मग १५ एप्रिल १९४७ चा दिवस उजाडला. एबेट्स फील्डवर पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. पाठीवर ४२ हा आकडा घेऊन रॉबिन्सन पहिल्या बेसवर उभे राहिले. त्या दिवशी त्यांना एकही यशस्वी फटका मारता आला नाही. पण त्यांनी एक धाव पुरी केली आणि डॉजर्सनी बॉस्टनला ५–३ असे हरविले. इतिहास घडला तो इतक्या साध्या रीतीने.

साधेपणा तेथेच संपला. त्यांच्याबरोबर खेळावयाचे नाही असा अर्ज करण्याचा घाट संघातील काही दाक्षिणात्य खेळाडूंनी आधीच घातला होता आणि व्यवस्थापकांनी तो दडपला होता. फिलाडेल्फिया संघाचे व्यवस्थापक बेन चॅपमन यांनी मैदानावर अशा शिव्यांचा भडिमार केला की डॉजर्समधील गोरे खेळाडूही संतापले. एका हॉटेलाने साऱ्या संघालाच जागा नाकारली. खुनाच्या धमक्यांची पत्रे आली. चेंडू अंगावर आदळत राहिले. केंटकीत वाढलेला संघनायक पी वी रीज याने गर्दीचा शिव्याशाप चालू असता रॉबिन्सन यांच्या खांद्यावर हात ठेवला, हा प्रसंग नेमका कोणत्या सामन्यात घडला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्या दोघांचा पुतळा मात्र २००५ पासून ब्रुकलिनमध्ये उभा आहे.

प्रतिकार त्यांनी केला तो पायांनी. बेसबॉलमध्ये प्रतिपक्षाचे लक्ष चुकवून धावत पुढचा बेस गाठण्याला 'बेस चोरणे' म्हणतात. त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक २९ बेस त्यांनी चोरले. उत्कृष्ट नवोदित खेळाडूचा, त्याच वर्षी सुरू झालेला, पुरस्कार त्यांनाच मिळाला. डॉजर्सच्या मैदानावर मोसमात १८ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. दोन वर्षे मौन पाळल्यानंतर ते बोलू लागले, पंचांशी वादही घालू लागले. १९४९ मध्ये लीगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली. अमेरिकन सैन्यातील वर्णभेद दूर करण्याचा अध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश १९४८ चा आणि शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविणारा न्यायालयाचा निकाल १९५४ चा. खेळाचे मैदान या दोहोंच्या पुढे गेले होते.

परंतु या विजयाची किंमत कोणी दिली, हा प्रश्न इतिहासाने विचारलाच पाहिजे. रॉबिन्सन यांना ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघातून घेतले, त्याला रिकी यांनी एक डॉलरही दिला नाही. चांगले खेळाडू गेले, त्यांच्यामागून प्रेक्षक गेले आणि निग्रो नॅशनल लीग १९४८ च्या मोसमानंतर बंद पडली. खेळाडूंना दार उघडले. मालक, व्यवस्थापक आणि पंच यांना मात्र ते बंदच राहिले. न लिहिलेला नियम एका दिवसात मोडत नाही, तो एकेक पाऊल मागे सरकतो. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरविला तो १९५९ मध्ये, म्हणजे रॉबिन्सन निवृत्त झाल्यानंतर.

ब्रुकलिनलाही दुःख चुकले नाही. पाच वेळा यांकीजकडून अंतिम मालिका गमावल्यावर १९५५ मध्ये डॉजर्स विश्वविजेते झाले आणि रस्तोरस्ती दिवाळी झाली. अवघ्या दोन वर्षांनी मालकाने संघ लॉस एंजेलिसला नेला. एबेट्स फील्ड १९६० मध्ये पाडण्यात आले आणि त्या जागी राहण्याच्या इमारती उभ्या राहिल्या.

निवृत्तीनंतर रॉबिन्सन यांनी व्यापारात पद सांभाळले, हार्लेममध्ये बँक उभारण्यात भाग घेतला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीसाठी निधी जमविला. १९६२ मध्ये खेळाच्या सन्मानमंदिरात त्यांचा प्रवेश झाला. पण सत्काराने ते सुखावून बसले नाहीत. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे त्यांच्या पदार्पणाचा गौरव होत असता, मधुमेहाने दृष्टी अधू झालेल्या त्या वृद्ध दिसणाऱ्या त्रेपन्न वर्षांच्या माणसाने एखादा कृष्णवर्णीय व्यवस्थापक पाहण्याची इच्छा सर्वांसमक्ष बोलून दाखविली. नऊ दिवसांनी त्यांचे निधन झाले. ती इच्छा पुरी झाली १९७५ मध्ये, फ्रँक रॉबिन्सन क्लीव्हलँडचे व्यवस्थापक झाले तेव्हा.

१९९७ मध्ये ४२ हा आकडा सर्व संघांतून सन्मानपूर्वक निवृत्त करण्यात आला. २००९ पासून दरवर्षी १५ एप्रिलला सर्व संघांचे खेळाडू तोच आकडा पाठीवर घालून खेळतात. त्या एका दिवशी मैदानावरचा कोणता खेळाडू कोण, हे आकड्यावरून ओळखता येत नाही. ज्या खेळाने एके काळी माणसाला केवळ रंगावरून ओळखले, त्याला हे प्रायश्चित्त शोभून दिसते.